अंगावर काढलेले दुखणे

पुढच्या दोन ओळींत बसलेल्या परिचर्येच्या विद्यार्थिनींनो,

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते जिनिंगच्या फाटकाशी, खाणकामगारांच्या खोल्यांत आणि संघटनेच्या कपाटातल्या पुस्तकांवर. तेव्हा गुप्तरोग आणि बायकांच्या गर्भाशयाची दुखणी या विषयावर बोलायला हा गृहस्थ कशाला उभा केला, अशी कुजबुज मघाशी आमच्या कानांवर आली. कुजबुज रास्त आहे. या विषयाकडे आम्ही आपण होऊन गेलो नाही. तो आमच्याकडे उचल मागायला आला.

सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोळशाच्या ट्रकवरचा एक ड्रायव्हर, आमचा जुना सभासद, पतपेढीतून पैसे मागू लागला. कशाला म्हणून विचारले, तर म्हणाला, "दुसरं लग्न करतो भाऊ. चार वर्सं झाले, पोर नाही." आम्ही त्याला बसवून घेतले. चहा झाला, बिडी झाली, तेव्हा कुठे खरे बाहेर पडले. लग्नानंतर वर्षभरातच त्याला लघवीला जळजळ सुरू झाली होती आणि पू जात होता. एका खाजगी दवाखान्यात त्याने इंजेक्शन घेतले, चार दिवसांत बरा झाला. बायकोला औषध द्यायचे असते हे त्याला कोणी सांगितले नाही, आणि त्यानेही विचारले नाही. तिचे ओटीपोट अधूनमधून दुखे. ती म्हणे, बायांचं असं असतेच. पुढे तपासणी केली तेव्हा तिच्या गर्भनलिका दोन्ही बाजूंनी बंद निघाल्या. जुन्या संसर्गामुळेच असे झाले असावे, असे डॉक्टरांचे मत पडले. आम्हांला त्यातली टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. "ड्रायव्हर लोकांचा आजार" म्हणून होणाऱ्या चेष्टेत आम्हीही अनेकदा हसलो होतो, आणि त्या आजाराला घरी एक बायको असते हे आमच्या डोक्यात आले नव्हते.

त्या रोगाला आपल्याकडे परमा म्हणतात. त्याचा जंतू नायसर नावाच्या जर्मन वैद्याने १८७९ साली शोधला. पुरुषाला तो बहुधा लगेच छळतो, म्हणून पुरुष दवाखाना गाठतो. बाईच्या शरीरात तो गर्भाशयाच्या तोंडाशी गुपचूप बसतो. पुष्कळदा काहीच जाणवत नाही. क्लॅमिडिया नावाचा दुसरा जंतू तर याहून मुकाट. तेथून वर चढून तो गर्भनलिकांना सूज आणतो. सूज ओसरली तरी आत व्रण राहतो आणि वाट बुजते. वाट अर्धवट बुजली तर गर्भ नळीतच अडकून रुजतो, आणि ती नळी फुटली तर बाई काही तासांत दगावू शकते. गरमीची म्हणजे उपदंशाची तऱ्हा आणखी कपटी. पहिली जखम दुखत नाही आणि आपोआप भरते. माणसाला वाटते, सुटलो. रोग मात्र रक्तात राहतो आणि गर्भारपणात पोटातल्या मुलापर्यंत पोचतो. मूल मेलेले जन्मते किंवा रोग घेऊन जन्मते. आणि हे सारे टाळायला काय लागते? गर्भारपणाच्या पहिल्याच भेटीत बोटभर रक्त, आणि रोग निघाला तर वेळेवर पेनिसिलिन.

परंतु मुलींनो, येथे एक धोका आहे. अंगावरून पांढरे जाते असे बाईने सांगितले की लगेच तिच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या चालचलणुकीचा हिशेब मांडू नका. थोडे पांढरे जाणे हा शरीरधर्म आहे. दह्यासारखे घट्ट जाऊन खाज सुटते ती बहुधा बुरशी. ती साध्वीलाही होते. मासळीसारखा वास येतो तेव्हा बहुधा शरीरातल्या नेहमीच्याच जंतूंचा तोल बिघडलेला असतो. तिसरी वाट आपल्या लोकांच्या हातची : बाळंतपणात, गर्भपातात किंवा तांबी बसवताना न उकळलेले हत्यार आणि न धुतलेला हात. या तिन्ही वाटांनी आलेल्या बायका एकाच बाकावर बसलेल्या असतात. एकीला बदफैली ठरवलेत की बाकीच्या उठून घरी जातील.

हे दुखणे किती पसरलेले आहे याचा पहिला धडा आपल्या विदर्भानेच जगाला दिला. वणी-चंद्रपूर ओलांडून गेले की गडचिरोली. तेथे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि जानेवारी १९८९ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात ती छापून आली. १०० पैकी ९२ स्त्रियांना स्त्रीरोग निघाले. एकेका बाईला सरासरी तीनाहून अधिक. त्यातला निम्मा भाग नुसत्या संसर्गाचा. तक्रार सांगणाऱ्या निम्म्याहून थोड्या अधिक. म्हणजे पुष्कळजणी रोग घेऊन मुकाट होत्या. आणि पूर्वी कधीतरी या भागाची तपासणी झालेल्या किती? १०० पैकी ८. त्या काळी बाईच्या आरोग्याचा सरकारी अर्थ बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच होता. मूल होणार असेल तर बाईला विचारायचे, किंवा होऊ द्यायचे नसेल तर विचारायचे. मधली सगळी वर्षे ती कोणाच्याच वहीत नव्हती.

याच्याही पुष्कळ आधी मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. या विषयांवर उघड लिहिले म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला ते हरले. आमच्या कपाटात या मासिकाचे दोन फाटके अंक आहेत. कोणी मागितले तर वाचायला देतो, परत मात्र आणून द्यावे.

आता आमच्या धंद्यातले बोलतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची चौकशी करण्यासाठी सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधी घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड कापतो. राहायला पाल, न्हाणी नाही, संडास नाही, डोक्यावर मोळी. अशा बाईचे ओटीपोट दुखते, पांढरे जाते, महिन्याची पाळी जड जाते. चार गोळ्यांचे काम असते. पण ती जेथे जाते तेथे तिला कर्करोगाची भीती घालतात आणि पिशवी काढून मोकळे व्हा म्हणतात. तिलाही वाटते, दरमहा होणारा खाडा तरी सुटेल. कर्करोगाची खरी तपासणी कशी करावी हे शेजारच्या बार्शी-उस्मानाबाद भागातल्या संशोधनाने २००९ सालीच दाखवले होते : विषाणूची एकच तपासणी करून पुढचे उपचार दिले, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. तपासणी राहिली बाजूला, सुरी आधी पोचली. यात डॉक्टरांना शिव्या देणे सोपे आहे. आम्ही मजूर-पुढाऱ्यांनी तरी काय केले? मजुरीच्या दराची मागणी आम्ही तोंडपाठ म्हणून दाखवू. पण आम्ही स्वतः जिनिंगवर दिलेल्या मागणीपत्रांत बायकांच्या संडासाचे कलम यायला अकरा वर्षे लागली. तेही एका म्हातारीने भर सभेत उठून विचारले म्हणून आले.

आणि आपला झरी जामणी तालुका. पैनगंगेच्या काठचा, कोलामांच्या पोडांचा. कुमारी मातांच्या बातम्यांनी आपले नाव मुंबईपर्यंत गेले. पत्रकार आले, पुढारी आले, मुली मोजल्या, पोरे मोजली. पण त्या मुलींचे रक्त तपासले का, फसवून गेलेल्या कंत्राटी माणसाने मुलाबरोबर रोगही मागे ठेवला का, हा प्रश्न कोणत्या बातमीत वाचल्याचे आम्हांला स्मरत नाही. तुमच्यापैकी कोणी उद्या एखाद्या पोडावर जाईल तेव्हा अशी मुलगी समोर येईल. ती १८ वर्षांखालची असली तर २०१२ च्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावेच लागते, ते टाळता येत नाही. पण उपचार आधी, कागद त्याच्या मागे. आणि तिला कोलामी बोलता येते, मराठी तुटकी येते, एवढ्यासाठी तिच्या वतीने तिच्या बापाला प्रश्न विचारू नका. पोडावरची एखादी जाणती बाई जोडीला घ्या.

एड्स नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने या रोगांसाठी रंगांची पाकिटे केली : पांढऱ्या जाण्याला हिरवे, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळे, आणि असेच पुढे. कल्पना चांगली, प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणीही लक्षणांवरून औषध सुरू करता यावे. पण पाकीट उघडण्यापूर्वी तीन गोष्टी लागतात. एक पडदा. एक दार, जे प्रश्न विचारताना बंद होते. आणि जोडीदाराचे औषध. परमा, गरमी यांसारख्या रोगांत नवऱ्याला औषध दिले नाही, तर बाई पंधरा दिवसांत पुन्हा तेथेच येते. नवरा येत नाही ही तुमची तक्रार असेल. तो आमच्याकडे पाठवा. स्टँडवर, खाणीवर, फाटकावर त्याला गाठणे आमचे काम. तो आम्हांला आधी शिव्या देईल, त्याची आम्हांला सवय आहे.

तो ड्रायव्हर अजून आमचा सभासद आहे. उचल आम्ही दिली नाही. त्याने दुसरे लग्न केले नाही. भावाची मुलगी दोघांनी वाढवली, ती यंदा बारावीला बसली. नवीन पोरगा ट्रकवर आला की त्याला बाजूला घेऊन काय सांगायचे ते तोच सांगतो, आमच्यापेक्षा चांगले सांगतो.

वेळ संपत आली. प्रश्न असतील ते चिठ्ठीवर लिहावेत, नाव घालू नये. दाराशी दोन डबे ठेवले आहेत, बायकांचा वेगळा. तो डबा आम्ही उघडणार नाही. सिस्टर उघडतील आणि उत्तरे मागच्या खोलीत देतील. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी कोरी चिठ्ठी टाकून खोलीत जाऊन बसावे. पुरुषांनी तोवर बाहेर चहा घ्यावा.