गोट्याने खाल्लेला प्रसाद

श्रावण लागला की इथे न्यू जर्सीतही घरोघरी सत्यनारायण सुरू होतात, मागोमाग गणपती येतात. म्हणून आज थोडा वेळ घरातल्या चार पायांच्या मंडळींसाठी मागून घेतोय.

आमच्याकडे गोट्या नावाचा बीगल आहे. गेल्या श्रावणात पूजा झाल्यावर आईने त्याला वाटीभर शिरा भरवला. साजूक तुपातला, आणि आईच्या हातचा म्हणजे बेदाणे सढळ. "देवाचा प्रसाद आहे, मुक्या जिवाला नाही कसं म्हणायचं?" मी समोरच बसलो होतो, हसतही होतो. बेदाणे कुत्र्याला चालत नाहीत हे कुठेतरी वाचलेलं मला वीसेक मिनिटांनी आठवलं. मग मी काय केलं असेल? फोनवर हिशोब मांडत बसलो. बेदाणे अंदाजे किती, गोट्याचं वजन किती. धंद्याची सवय, दुसरं काय! बायकोने गाडीची किल्ली उचलली म्हणून बरं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, या हिशोबाचा उपयोग नाही. एखादा कुत्रा मूठभर बेदाणे पचवतो, एखाद्याची किडनी थोड्याशाने निकामी होते, आणि आपला कुत्रा कुठल्या प्रकारातला हे आधी कळत नाही. त्यांनी लगेच इंजेक्शन देऊन ओकारी काढली, सलाईन लावलं. वरून कुत्रा ठणठणीत दिसतो, पण किडनीचं नुकसान एक ते तीन दिवसांत उघड होतं, म्हणून रक्ताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा. त्या दोन रात्री आई झोपली नाही. कुणी तिला एका शब्दाने बोललं नव्हतं, तरी "माझ्याच हाताने दिलं रे," एवढंच म्हणत होती.

द्राक्षांत नेमकं काय विषारी, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. २०२१ साली एएसपीसीए या प्राणिसंस्थेच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. ते आम्ल कशात असतं? चिंचेत! म्हणजे आमटी-भात कालवून घालणाऱ्यांनीही जपायला हवं. शिवाय आमटीत कांदा-लसूण असतोच. त्याने कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मांजरांच्या तर जास्तच. शिजवल्याने तो निर्धोक होत नाही. आपला कांदा-लसूण मसाला वाळवून कुटलेला, म्हणजे चिमटीतही ऐवज जास्त. चिवड्यातले मनुके, फोडणीच्या पोह्यांतला कांदा, मुलांचं चॉकलेट, साखरविरहित च्युइंगममधलं झायलिटॉल, सगळं त्याच फडताळातलं.

आणखी एक. भारतातून येणारे आई-बाबा औषधांचा डबा घेऊन येतात. त्यातली क्रोसिन मांजराला कधीच देऊ नका, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. आणि कुत्र्याला ओकारी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजणं हा आपला घरगुती उपाय, तोही नको. मिठाचीच विषबाधा होते.

असं काही पोटात गेलं, तर लक्षणांची वाट न पाहता आपल्या डॉक्टरांना फोन करा. रात्री-अपरात्री एएसपीसीएचं विषबाधा केंद्र चोवीस तास उघडं असतं. लिहून घ्या: ८८८-४२६-४४३५. सल्ल्याचे पैसे पडू शकतात, पण काय खाल्लं, किती आणि कधी, एवढं सांगितलं की पुढचं ते सांगतात. पदार्थाचं नाव मात्र इंग्रजीत सांगा. "शिरा" म्हणून मी अडखळलो होतो.

गोट्याचे तिसऱ्या दिवशीचे आकडे नॉर्मल आले. आई आता नाशिकला आहे, व्हिडिओ कॉल लागला की आधी त्याला बघते, मग नातवंडांना. परवाच्या पूजेला आम्ही शिरा बेदाण्यांशिवाय केला. गुरुजींनी दोनदा वाढून घेतला.