उकळते भांडे वजा करून



या जयपुरात मोजमापाविषयी बोलणे उचितच आहे. सवाई जयसिंहांच्या पदरी असलेले पंडित जगन्नाथ सम्राट महाराष्ट्रीय होते. युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीतून संस्कृतात आणली. येथील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच. माप सूक्ष्म यावे म्हणूनच इतके थोरले.

आम्हां रसायन अभियंत्यांची धडपड उलट, उंची घटविण्याची. ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्याऐवजी सच्छिद्र कडे वेगाने फिरवावे, द्रव बाहेर फेकला जावा व वाफ आत शिरावी, अशी ही युक्ती. रॅमशॉ व मॅलिन्सन यांना १९८१ मध्ये तिचे अमेरिकी पेटंट मिळाले.

तिची कार्यक्षमता मोजताना निवलेला सर्व द्रव आम्ही पुन्हा कड्यात सोडतो, स्थिरता आली की वरचा व तळाचा नमुना तपासतो आणि फेन्स्के यांच्या १९३२ च्या सूत्राने आदर्श टप्पे काढतो. समजा, ४ निघाले. कड्याची जाडी १२ सेंटिमीटर. म्हणजे टप्प्यास अवघे ३! येथेच मोह होतो. उकळते भांडे स्वतःच एक टप्पा असते. ते वजा केलेच पाहिजे. मग खरे माप ४ सेंटिमीटर. आकडा फिका पडतो खरा, पण त्यावर विसंबून कारखाना उभारणाऱ्याचे कडे तोकडे पडत नाही. कड्याबाहेर, आवरणात उडणाऱ्या तुषारांचे श्रेय कोणाच्या खाती टाकावे, यावर मात्र आमच्यात अजून वाद होतात.