मुलाखतीत गप्प बसू नका



शहापूरची मुले आसनगावहून लोकल धरतात. मुरबाडला रेल्वे नाही. तिथली मुले एस.टी.ने कल्याण गाठतात. एवढी यातायात करून ती इंजिनिअर होतात आणि मोठ्या संगणक कंपनीच्या मुलाखतीत अडतात. आम्हीही अडलो होतो. उत्तर डोक्यात होते, पण तोंड उघडले नाही. मोठ्यांपुढे बोलू नये, ही घरची शिकवण तिथे आडवी आली.

गूगलसारख्या कंपनीत उत्तराइतकाच विचार पाहतात. समजा, प्रश्न आला: हजार आकड्यांच्या यादीतून बेरीज १०० होणारे दोन आकडे शोधा. लगेच लिहायला बसू नका. आधी विचारा, आकडे क्रमाने आहेत का? जोडी नसेल तर काय उत्तर द्यायचे? मग साधी रीत सांगा: प्रत्येक आकडा दुसऱ्या प्रत्येकाशी जोडून पाहणे. त्यात ४,९९,५०० जोड्या तपासाव्या लागतील, हेही सांगा. नंतर सुधारणा सुचवा. ३७ आला तर ६३ आधी येऊन गेला का, एवढेच पाहायचे. नसेल तर ३७ ची नोंद ठेवून पुढे जायचे. ही नोंदवही म्हणजेच हॅश टेबल. आता यादीवरून एकदाच फिरणे पुरते. मेमरी मात्र जास्त लागते. शेवटी चार-पाच आकडे घेऊन आपला प्रोग्राम हाताने तपासून दाखवा.

हे नुसते वाचून येत नाही, बोलून येते. दोघे-दोघे बसा. एकाने परीक्षक व्हावे, ४५ मिनिटे लावावीत, संगणक बंद ठेवून वहीवर लिहावे. आधी मराठीत समजावून सांगा, मग तेच इंग्रजीत. व्याकरण चुकले तरी चालेल, विचार ऐकू आला पाहिजे. अडलात तर कुठे अडलात ते सांगा. परीक्षक बहुधा धागा देतात. गप्प बसणाऱ्याला ते तरी काय मदत करणार?

पालकांनो, मूल भिंतीशी बोलताना दिसले तर त्याला वेडे म्हणू नका. ते अभ्यास करीत आहे.

आणि नोकरीला लागलेल्यांनो, महिन्यातून एक रविवार गावी येऊन परीक्षक व्हा. शहापुरातल्या तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते. तिथे मिळवलेले ज्ञान तरी इकडे परत येऊ द्या.