छायाचित्राचे मोल



आपला हा मुलूख धानाचा. धान मुठीत घ्यावे, दाताखाली धरून पाहावे आणि मग भाव बोलावा. छायाचित्राचे तसे नाही. ते निघण्यापूर्वीच त्याचा भाव ठरतो. माल पाहायला मिळत नाही, म्हणून गिऱ्हाईक भावावरूनच मालाची पारख करते. आम्हां छायाचित्रकारांची सारी अडचण येथे आहे.

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्याच वर्षी पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने एकाच काचेवर अनेक छबी घेण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळविले. तसबीर स्वस्त झाली आणि पुष्कळ घरांत पोचली, हा उपकार मोठाच. पण इतरांनीही तीच पद्धत उचलली, आणि १८८९ साली दिस्देरी दारिद्र्यात वारला. स्वस्ताई गिऱ्हाइकाला तारते. कारागिराला तारीलच असे नाही.

आम्हीही एका लग्नसराईत काम मिळावे म्हणून दर निम्म्यावर आणला. काम मिळाले, मान गेला. आदल्या साली आमची वाट पाहणारे यजमान म्हणू लागले, "आणखी चार काढा, कागदच तर लागतो!" कॅमेरा तोच, हात तोच, जागरणही तेच, बदलला होता फक्त आकडा. शिवाय दर नगावर सांगून कागद मोजायला आम्हीच त्यांना शिकविले होते.

मग भाव चढवून मान विकत घ्यावा काय? तेही खोटे. भारी भावाने डोळे दिपतात, पण अल्बम उघडेपर्यंतच.

एकदा एका शेतमजुराच्या आईची तसबीर आम्ही दयेपोटी फुकट देऊ केली. तो ती घेईना. म्हणाला, "आईची तसबीर आहे, फुकटाची नको." त्याने तीन हप्त्यांत पैसे फेडले. त्या दिवशी आम्हांला कळले की, किंमत ही केवळ आमची मजुरी नव्हे. देणाऱ्याचाही तीत मान असतो.

आज खिशाखिशांत कॅमेरा आहे. अशा काळी आमचे सांगणे एवढेच : भाव आधी सांगावा, तो कशाचा हे उलगडून सांगावे, आणि सूट द्यायची ती पुरा भाव सांगून द्यावी. गिऱ्हाइकानेही नग मोजण्याआधी ज्याचे लग्न पुन्हा लागणार नाही आणि जी आई पुन्हा दिसणार नाही, त्यांचा विचार करावा.