आतून कडी

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा एक जाडजूड डबा घेऊन घरी आला. तो नोकरीनिमित्त परदेशी असतो, त्यामुळं मला वाटलं, खजूर असतील. निघाले रामसे बंधूंचे सहा सिनेमे! 'पुराना मंदिर', 'तहखाना', 'वीराना', 'पुरानी हवेली', 'बंद दरवाजा' आणि 'महाकाल'. मोंडो मकाब्रो नावाच्या एका परदेशी कंपनीनं २०२३ साली ते धुऊन-पुसून, दुरुस्त करून ब्ल्यू-रेवर काढले. आम्ही बी. ए.ला असताना ज्या सिनेमांची नावं वर्गात मोठ्यानं घ्यायची चोरी होती, ते आता जुन्या हस्तलिखितांसारखे जपले जात आहेत.

ही दुरुस्ती म्हणजे डोळे फोडणारं काम असतं. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी असतात. सव्वादोन तासांचा सिनेमा धरला, तर जवळपास दोन लाख चौकटी झाल्या. मूळ फिल्मवरून त्या एकेक करून संगणकात उतरवायच्या, धूळ काढायची, ओरखडे बुजवायचे, उडालेले रंग मूळच्या रंगांशी जुळवायचे. आमच्याकडं कापड तयार झालं की ठाण उलगडून तुटका धागा, गाठ, डाग शोधत बसतात ना, तसंच.

रामसेंचं घराणंही मला एखाद्या मागवाल्याच्या घरासारखं वाटतं. मूळ आडनाव रामसिंघानी. वडिलांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर ते मुंबईत आले आणि पुढं सिनेमात पडले. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भीतीदायक मुखवटा घालून चोरी करतात, तेवढ्या प्रसंगाला थिएटरात लोक थरारत होते. मुलांनी ते नेमकं हेरलं. १९७२ साली सगळं कुटुंब महाबळेश्वरला जाऊन राहिलं आणि 'दो गज जमीन के नीचे' तयार करूनच परतलं. (हे नाव ऐकलं की आम्हा उर्दू जाणणाऱ्यांना रंगूनमधला बहादुरशहा जफर आठवतो. रामसेंना तो आठवला होता की नाही, अल्ला जाणे.) कुमार लिहीत, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करत, गंगू कॅमेऱ्यावर, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला. एक कांड्या भरतोय, एक माग चालवतोय, एक घड्या घालतोय. भिवंडीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

'पुराना मंदिर' १९८४ सालच्या ऑक्टोबरात आला. त्यातला सामरी म्हणजे अजय अगरवाल. ताडमाड उंच माणूस, शिक्षणानं रुडकीचा सिव्हिल इंजिनिअर. गोष्टीत त्याचं मुंडकं धडापासून वेगळं करून पेटीत बंद केलेलं असतं. मी हा सिनेमा पुढल्या वर्षी भिवंडीतल्या एका व्हिडिओ पार्लरमध्ये पाहिला. १९८२च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आले, पाठोपाठ व्हीसीआर आले, आणि आमच्याकडं पत्र्याच्या शेडमध्ये सतरंज्या टाकून पार्लरं सुरू झाली. दिवसपाळी सुटली की बिहार, उत्तर प्रदेशातले कारागीर भिसीत जेवून थेट तिथं येत. कॅसेट म्हणजे नकलेची नक्कल. सामरीचा चेहरा हिरवा की काळा, तेही कळत नसे. शेजारी माग चालू असायचे, त्यामुळं संवादही निम्मेच. दिवसभर उभं राहून पाय सुजलेली ती माणसं सामरी आला की खदाखदा हसत. मी मात्र घाबरलो होतो, आणि तेही सामरीला नव्हे. दारं करकरत, तिथं मी डोळे मिटून घेत असे.

त्याचं कारण सांगतो. १९८४च्या मे महिन्यात भिवंडीत दंगल झाली. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. संचारबंदीतल्या एका रात्री आमचं दार वाजलं. आधी तीनदा, हलकेच. मग जरा जोरात. दाराला कडी होतीच; वर अब्बांनी मागाचा एक जाड लाकडी दांडा आडवा लावला होता. अम्मीनं धाकट्या बहिणीच्या तोंडावर हात धरला. बाहेरून कुणी काही बोललं नाही, किंवा बोललं असेल आणि आम्हाला ऐकू आलं नसेल. थोड्या वेळानं दार वाजायचं थांबलं. सकाळी ओट्यावर एक चप्पल पडलेली होती. एकच. चपलेवरून माणूस हिंदू की मुसलमान, ते कळत नाही.

मारायला आलेला माणूस तीनदा हलकेच दार वाजवतो का? अब्बांनी हा प्रश्न कधी मोठ्यानं विचारला नाही. पण ती चप्पल त्यांनी फेकली नाही, पोटमाळ्यावर ठेवून दिली. पुढं पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथं मोहल्ला समित्या उभ्या केल्या, हिंदू-मुसलमानांना एका सतरंजीवर बसवलं. डिसेंबर १९९२मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. त्या दिवसांत रात्री दार वाजलं, की अब्बा सगळ्यांच्या आधी उठत आणि कोण आहे हेही न विचारता दार उघडत. अम्मी भांडायची. ते ऐकत नसत.

रामगोपाल वर्मांचा 'कौन' १९९९ साली आला. घरात एकटी ऊर्मिला मातोंडकर, बाहेर पाऊस, दारावरची बेल. घरात घुसणाऱ्या माणसाची भीती आपल्याकडं इतकी नेटकी दुसऱ्या कुणी क्वचितच दाखवली असेल. धोका दाराच्या कोणत्या बाजूला आहे, हे त्यात शेवटपर्यंत कळत नाही. मी तो अब्बांना दाखवायला बसलो होतो. अर्ध्यातच ते नमाजची वेळ झाली म्हणून उठले. वेळ झालेली नव्हती.

तर, भाच्यानं 'पुराना मंदिर' लावला. चित्र इतकं लख्ख, की सामरीच्या चेहऱ्यावरचा रंगरंगोटीचा थरही दिसू लागला. भाचा म्हणाला, "मामू, याला तुम्ही घाबरत होता?" मलाही हसू आलं. पार्लरमधले कारागीर बरोबर होते म्हणायचे. आवाज मात्र आता स्वच्छ झालाय. चाळीस वर्षांपूर्वी मागांच्या खडखडाटात बुडालेलं सगळं ऐकू येऊ लागलं. वारा, पावलं, आणि मग एक दार करकरत उघडलं.

आतल्या खोलीतून अम्मीचा आवाज आला, "कडी कुणी काढली रे?"

"कुणी नाही नानी, पिक्चर चालू आहे," भाचा म्हणाला. ती ऐंशीच्या पुढं आहे, गुडघे धरलेत. तरी भिंतीला धरत बाहेर आली, दारापाशी गेली, कडी चाचपून पाहिली. मग आमच्याकडं न बघता तिनं ती काढली, दार थोडं किलकिलं केलं आणि बाहेर ओट्यावर पाहिलं.