हजेरी पहिल्या दिवसापासून



नव्याने रुजू झालेल्या कामगाराचे प्रशिक्षणाचे पहिले आठ-दहा दिवस पगारी धरायचे की नाही, हा प्रश्न सातारा-सांगलीच्या आपल्या कारखानदारांच्या सकाळच्या चर्चेत निघाला आणि ‘ज्याने त्याने ठरवावे’ म्हणून बाजूला पडला. तो तसा पडू नये. ते दिवस कामाचेच आहेत आणि त्यांचा पूर्ण पगार दिला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

कुपवाडच्या, मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत नवा मुलगा येतो, तेव्हा तो पहिल्या पाळीला गेटवर हजर असतो. भट्टीपासून किती अंतर ठेवायचे, क्रेन डोक्यावरून जाताना कुठे थांबायचे, आपल्या मालाला कोणता गेज लावायचा, रिजेक्ट माल कुठे टाकायचा, हे त्याला सांगितले जाते. दुपारनंतर माणूस कमी पडला की सुपरवायझर त्यालाच पॅकिंगला लावतो. पाळी सुटेपर्यंत त्याला बाहेर जाता येत नाही, दुसरीकडे रोजंदारी करता येत नाही. जत, आटपाडी, माण, खटावकडून आलेल्याने खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे आगाऊ भरलेले असतात. त्या मुलाला आपण ‘हे दिवस शिकण्याचे, यांचे काही मिळणार नाही’ असे सांगायचे?

बिनपगारी प्रशिक्षणाच्या बाजूने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९४७ चा पोर्टलंड टर्मिनल खटला सांगितला जातो. रेल्वेच्या यार्डात ब्रेकमन होऊ पाहणारे उमेदवार सात-आठ दिवस शिकत. ते नोकर नाहीत, म्हणून त्यांना किमान वेतन लागू नाही, असा निकाल लागला. पण त्याची कारणे नीट वाचावीत. त्या उमेदवारांमुळे कायमच्या कामगारांचे काम हलके होत नव्हते, उलट अडत होते. रेल्वेचा तात्काळ फायदा काहीच नव्हता. आपल्याकडे चौथ्या दिवशी नवा मुलगा पॅकिंगच्या टेबलावर उभा असतो. तीच कसोटी इथे लावली, तर निकाल कामगाराच्या बाजूने जातो.

आपल्या कायद्यात तर पळवाटच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत कर्मचारी या व्याख्येतून वगळले आहेत ते १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालचे शिकाऊ उमेदवार. त्यांचा करार नोंदवलेला असतो, त्यांना विद्यावेतन मिळते, शेवटी देशभर चालणारे प्रमाणपत्र हाती येते. ती व्यवस्था चांगली आहे, तिला माझा विरोध नाही. पण नोंदणी न करता कुणालाही तोंडी ‘ट्रेनी’ म्हटल्याने तो किमान वेतनाच्या बाहेर जात नाही. चौथ्या दिवशी काम सोडून गेला, तरी त्याच्या चार दिवसांचे पैसे दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागतात. सुरक्षिततेची माहिती आणि प्रशिक्षण देणे हे तर मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. आपल्या कर्तव्याचा खर्च त्या पोराच्या खिशातून कसा वसूल करायचा?

आपल्या आसपासच पाहा. तासगाव तालुक्यातल्या तुरचीच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात शिकणारा शिपाई पगारावर असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातून पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात गेलेली मुलेही भरती झाल्यावर आधी प्रशिक्षणच घेतात, आणि त्या काळात त्यांना वेतन मिळते. अग्निवीराच्या चार वर्षांतसुद्धा प्रशिक्षणाचे महिने धरलेले आहेत. बंदूक धरायला शिकवताना सरकार हिशेब ठेवते, मग लेथ चालवायला शिकवताना आपण का ठेवू नये?

सरकारचा दुसरा नमुना मात्र घेण्यासारखा नाही. २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिक शाळेतल्या नव्या शिक्षकाला तीन वर्षे महिना ३,००० रुपये मानधन. वर्ग तोच, मुले तीच, परीक्षेची जबाबदारी तीच. फक्त ‘तू अजून नवा आहेस’ म्हणून पगार वेगळा. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत डीएड केलेल्या हुशार मुलामुलींनी ऐन उमेदीची तीन वर्षे अशी काढली. मानधन २०२३ मध्ये १६,००० झाले, तरी मूळचा अन्याय तसाच राहिला. नवखेपणाच्या नावाखाली स्वस्तात काम करून घ्यायची सवय एकदा लागली, की आठ दिवसांची तीन वर्षे कशी होतात, ते इथे दिसते.

कर्मवीर भाऊराव पाटील किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले आणि १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. ‘कमवा आणि शिका’ हा त्यांचा मार्ग. ज्या मुलाच्या घरी पैसा नाही, त्याला कमाई थांबवून शिकायला सांगणे म्हणजे शिकूच नको म्हणणे, हे त्यांनी ओळखले होते. कारखान्याच्या दारात उभा असलेला मुलगा बहुधा त्याच घरातला असतो.

लहान फाउंड्रीवाल्यांची अडचण मला ठाऊक आहे. जॉबवर्कचे दर मोठी कंपनी ठरवते, बिल महिनोन्‌महिने अडकते आणि शिकवलेला मुलगा महिन्याभरात शेजारच्या शेडमध्ये जातो. पण तो जातो ते बहुधा तिथे दोन पैसे जास्त मिळतात म्हणून. सुरुवातीचे दिवस बुडवल्याने तो थांबत नाही, उलट पहिल्या आठवड्यातच त्याचा विश्वास उडतो. खर्च कमी करायचा तर वसाहतीतल्या कारखान्यांनी सुरक्षिततेचे पहिले दोन दिवस एकत्र घ्यावेत. खरोखर दीर्घ शिक्षण द्यायचे असेल, तर शिकाऊ उमेदवारीची रीतसर नोंदणी करून केंद्राच्या योजनेतून विद्यावेतनाचा वाटा घ्यावा. दर ठरवताना नव्या माणसाचे दिवस खर्चात धरावेत आणि मोठ्या कंपन्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांना ते स्पष्ट सांगावे. हे सांगायची ताकद एकट्या शेडमालकात नसते, म्हणूनच आपली संघटना आहे.

आज ठराव होईल न होईल, पण आपल्याला प्रत्येकाला एवढे करता येईल. पुढच्या सोमवारी जो मुलगा किंवा मुलगी रुजू होईल, त्यांना नियुक्तिपत्र द्या, त्यांचे नाव त्याच सकाळी मस्टरवर घ्या आणि पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या पगारात तो पहिला दिवसही धरा.