थट्टा : घरातली, फडातली आणि चव्हाट्यावरची



मराठी साहित्यचर्चेत विनोदाला मानाचे पान मिळाले. त्याची धाकटी बहीण जी थट्टा, ती मात्र बहुधा ओसरीवरच राहिली. विनोद एकट्याने लिहिता येतो. थट्टेला दोघे लागतात, आणि ज्याची थट्टा होते त्याला उत्तर देण्याची मुभा लागते. ती मुभा काढून घेतली की थट्टेची टवाळी होते.

तमाशाने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. गौळणीत पेंद्या आणि मावशी एकमेकांना शब्दांत अडवतात. वगात सोंगाड्या राजालाही बोलण्यात पकडतो, आणि राजाला ते ऐकून घ्यावे लागते. गुजरातच्या भवाईत रंगलो हेच काम करतो. एरवी ज्याने मान खाली घालून उभे राहावे, त्याला फडात तोंड उघडण्याचा अधिकार मिळतो. पुढे वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके यांनी हा अधिकार मनसोक्त वापरला.

हीच थट्टा पांढरपेशा मराठी घरात आणली ती चिंतामण विनायक जोशी यांनी. बडोदा कॉलेजात पाली शिकविणारा हा विद्वान (१८९२–१९६३) एकीकडे बौद्ध वाङ्मयाचा अभ्यास करीत होता आणि दुसरीकडे चिमणराव-गुंड्याभाऊंची फजिती रंगवीत होता. चिमणराव स्वतःची कथा स्वतःच सांगतो, म्हणून हसण्याचा पहिला विषयही तोच होतो. गुंड्याभाऊ त्याच्यावर गुरकावतो, काऊ त्याला घरात निरुत्तर करते, तरी कोणी कोणाला टाकून देत नाही. ‘लग्न पहावे करून’ (१९४०) या चित्रपटातून आणि पुढे दूरदर्शनच्या मालिकेतून ही जोडी अवघ्या महाराष्ट्राची झाली.

याच बडोद्यात १९२१ साली साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी सविकल्प समाधीची कल्पना मांडली. आपली भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावणे, यात त्यांनी वाङ्मयानंदाचे मूळ पाहिले. ही कसोटी थट्टेलाही लावून पाहावी. थट्टा करणारा क्षणभर दुसऱ्याच्या जागी उभा राहतो, त्याला कोठे गुदगुल्या होतील आणि कोठे जखम होईल हे जाणतो, आणि मगच बोलतो. टवाळखोर स्वतःची जागा सोडतच नाही.

बडोद्यासारख्या दुभाषी शहरात हा भेद महत्त्वाचा ठरतो. संस्थानी काळात मराठी ही राजघराण्याची भाषा होती, गुजराती बहुसंख्य प्रजेची. तेव्हा मराठी माणसाने गोड डाळीवरून केलेल्या थट्टेला सत्तेचा वास येण्याचा संभव होता. १ मे १९४९ रोजी संस्थान विलीन झाले आणि पारडी समान झाली. आता डाळीतल्या साखरेविषयी कोणी बोलले, तर मराठी जिभेच्या तिखटपणाविषयी उत्तर येते आणि दोघे हसतात. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातील शेजारधर्म अशाच देण्याघेण्यावर टिकतो.

मात्र एक चिंता उरते. परक्या प्रांतात भाषा क्षीण होऊ लागली की प्रथम हरवते ती थट्टा. ‘जेवायला ये’ हे वाक्य तिसऱ्या पिढीलाही कळते. त्यामागचा मिस्किल हेल कळत नाही. नातवाला आजोबांचा शब्द समजतो, पण त्यांनी आपली फिरकी घेतली हे उमगत नाही. मग आजोबा हळूहळू फिरकी घेणेच सोडून देतात, आणि घरात मराठी केवळ निरोपापुरती उरते.

ग्रंथालयाचे कार्य येथे सुरू होते. चिं. वि. जोशींचे पुस्तक कपाटात जपणे पुरेसे नाही; ते चार माणसांत मोठ्याने वाचले गेले पाहिजे. कारण कोठे हसावयाचे हे कोशात सापडत नाही, ते शेजारी बसलेल्याच्या हसण्यावरूनच कळते. शंभर वर्षे ज्या वास्तूने वाचक घडविले, तिच्या वाचनकक्षातील ‘शांतता राखा’ ही पाटी आठवड्यातून एखादी संध्याकाळ उतरवून ठेवण्यास हरकत नसावी.